पदवीचे मोल आणि पगाराचा आकडा

(मंडळाच्या जळगाव येथील वार्षिक संमेलनात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



सत्काराच्या प्रसंगी वडीलधाऱ्याने चार उत्तेजनाचे शब्द बोलावेत व खाली बसावे, अशी आपल्याकडील रीत आहे. ती आम्हांस मान्य आहे. तथापि मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर काही वर्षे काम करीत असता जे दृष्टीस पडले, ते आज न बोलणे हा कर्तव्यात कसूर होईल असे वाटल्यावरून, आपल्या क्षमेची याचना करून, आम्ही थोडा रोकडा हिशेब मांडणार आहोत.

समितीकडे अलीकडे येणाऱ्या अर्जांपैकी पुष्कळसे अर्ज दोन पदव्यांसाठी असतात. एक एम.बी.ए., म्हणजे व्यापार-व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी; दुसरी रुग्णालय किंवा आरोग्यसेवा व्यवस्थापनाची. अर्जात ‘हाच अभ्यासक्रम का निवडला?’ असा एक रकाना आहे. त्यात बहुतेकांचे उत्तर एकच असते: ‘पगार चांगला मिळतो.’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. शेतकऱ्याच्या व लहान दुकानदाराच्या मुलाने पगाराचा विचार करू नये, असा उपदेश ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनीच करावा. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हा ‘चांगला पगार’ आपण कोणाच्या तोंडून ऐकला, आणि तो कितपत खरा आहे?

या विद्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. आपल्या देशात १९५३ साली कलकत्त्यास व्यवस्थापनशास्त्राची स्वतंत्र संस्था निघाली. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे केंद्र शासनाच्या भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. १९६५ साली मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज संस्था सुरू झाली. रुग्णालय-व्यवस्थापनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९३४ साली अमेरिकेत शिकागो विद्यापीठात निघाला, आणि तोही तेथील व्यापारशिक्षणाच्याच शाळेत. म्हणजे या दोन विद्या एका घरच्या बहिणी आहेत. आपल्या खानदेशापुरते बोलावयाचे तर १९९० साली जळगावास स्वतंत्र विद्यापीठ झाले, २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले, आणि जी पदवी मिळविण्यासाठी पूर्वी पुण्या-मुंबईस खोली घ्यावी लागे ती आता घरचा डबा खाऊन मिळविता येते. ही सोय मोठी आहे. परंतु घराजवळच्या वस्तूची किंमत आपल्याला कमी वाटते, आणि दूरच्या जाहिरातीतील आकडा मोठा दिसतो.

या ठिकाणी आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आमच्या मोठेपणाची नाही.

२०१३ साली आमचा भाचा बी.एस्सी. झाला. मुलगा कष्टाळू, परंतु कोणत्या वाटेने जावे हे त्यास उमगेना. एका मोठ्या शहरातील एका खाजगी संस्थेचे माहितीपत्रक त्याच्या हाती आले. त्यावर ठळक अक्षरांत ‘सर्वोच्च पॅकेज १२ लाख’ असे छापलेले होते. फी, वसतिगृह व इतर खर्च मिळून दोन वर्षांचे ९ लाख होत होते. आमची बहीण यावल तालुक्यात राहते, शिक्षण चौथीपर्यंतचे, केळीच्या बागेतच तिचे आयुष्य गेले. कुटुंबात शिकलेले म्हणून सल्ला आमचा घेतला गेला. आम्ही माहितीपत्रक चाळले, कागद गुळगुळीत होता, इमारतीची छायाचित्रे भव्य होती. आम्ही म्हणालो, ‘पाठवा.’ त्या वेळी बहिणीने एकच प्रश्न विचारला. ती म्हणाली, ‘‘दादा, हे बारा लाख सगळ्या पोरांना मिळतात, की एकालाच?’’

आम्ही हसलो. ‘अगं, तुला त्यातले काय कळते?’ असेही बहुधा म्हणालो असू. दीड एकर बाग विकली गेली. दोन वर्षांनी भाच्यास जी नोकरी मिळाली ती विम्याच्या पॉलिसी खपविण्याची होती, आणि पगार महिना १६ हजार. बारा लाख त्या वर्षी कोणा एकास मिळाले असतील, किंवा नसतीलही. आमच्या भाच्याने तरी तो भाग्यवान पाहिला नाही.

सभ्य गृहस्थहो, आमच्या चौथी शिकलेल्या बहिणीने जो प्रश्न विचारला, तोच संख्याशास्त्रातला मुख्य प्रश्न आहे. दहा मुलांचा एक वर्ग घ्या. नऊ जणांस वर्षाला प्रत्येकी ३ लाख मिळाले आणि एकास ३० लाख मिळाले. ‘सर्वोच्च’ आकडा ३० लाख. सरासरी काढाल तर ५ लाख ७० हजार. हे दोन्ही आकडे खरे आहेत, आणि दोन्ही फसवे आहेत. कारण ५ लाख ७० हजार त्या वर्गात कोणालाच मिळाले नाहीत. सर्व मुलांना पगाराच्या क्रमाने उभे केले आणि मधल्या मुलाचा पगार विचारला, तर उत्तर येते ३ लाख. शाळेच्या पुस्तकात यास ‘मध्यक’ म्हणतात. तुमचा मुलगा बहुधा त्या मधल्या मुलाच्या आसपास उभा राहणार आहे; यास्तव मध्यक विचारावा, आणि त्याबरोबर एकूण किती मुलांपैकी किती जणांस नोकरी लागली हेही विचारावे.

हे कोठे मिळते? केंद्र शासनाने शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावण्याची पद्धत सुरू केली असून तिची पहिली यादी २०१६ साली निघाली. तीस एन.आय.आर.एफ. म्हणतात. तीत भाग घेणाऱ्या संस्थेस किती विद्यार्थ्यांस नोकरी लागली व त्यांच्या वेतनाचा मध्यक किती, हे लिहून द्यावे लागते. ती माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर असते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरील आकडा आणि तिथला आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. अहमदाबाद, बेंगळुरू, कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या अलीकडील अहवालांत मध्यक वर्षाला तीस लाखांच्या आसपास दिसतो. तेथे प्रवेश मिळाल्यास कर्ज काढूनही जावे, असे आम्ही निःशंकपणे सांगू. परंतु त्या दारातून आत जाणारे थोडे असतात, आणि त्यांच्या पगारावरून इतर शेकडो संस्थांच्या पगाराचा अंदाज बांधणे म्हणजे सुवर्णनगरीतील एका पेढीचा गल्ला पाहून साऱ्या बाजाराची उलाढाल ठरविण्यासारखे आहे.

आता ‘पॅकेज’ या शब्दाकडे वळू. समजा, वार्षिक पॅकेज ४ लाख ८० हजार ठरले. बाप मनात भागाकार करतो: महिना ४० हजार. पण त्यात कामगिरीवर अवलंबून असलेला भाग असतो. तो दहा टक्के धरला तरी ४८ हजार गेले. मूळ वेतन महिना २० हजार धरल्यास मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा वर्षाला २८ हजार ८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे साडेअकरा हजार. हेही पॅकेजमध्येच धरलेले असते. मग मुलाचा स्वतःचा निधीचा वाटा व व्यवसायकर वजा जातो. शेवटी हातात येतात महिना सुमारे ३० हजार. निधीतील पैसा बुडत नाही हे खरे. परंतु पुण्याच्या खोलीचे भाडे त्यातून देता येत नाही.

आणि कर्ज काढले असेल तर? दहा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची फेड, असे धरले तर मासिक हप्ता सुमारे १६ हजार ६०० रुपये येतो, आणि सात वर्षांत एकूण परतफेड १३ लाख ९४ हजारांवर जाते. शिक्षणकाळातील व्याज वेगळेच. हाती ३० हजार येणाऱ्याने १६ हजार ६०० हप्ता भरावा, शहरात राहावे, जेवावे आणि घरीही काही पाठवावे, हे कसे जमावे? तेच कर्ज चार लाखांचे असते तर हप्ता ६ हजार ६४० आला असता. म्हणून आम्ही समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक पालकास एक साधा नियम सांगतो: मध्यक पगारातून हातात जे येईल, त्याच्या चौथ्या हिश्शाहून हप्ता जड होत असेल, तर ती संस्था आपली नव्हे. जो मुलगा आज महिना १८ हजारांवर नोकरी करीत आहे, त्याने दोन वर्षे नोकरी सोडली तर ४ लाख ३२ हजारांची मिळकतही गेली. तीही खर्चातच मांडावी. असा नोकरदार मुक्त विद्यापीठाचा मार्ग धरू शकतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांच्याकडे ही सोय आहे. तेथे संस्थेच्या दारात कंपन्या नोकरी घेऊन फारशा येत नाहीत, हे ध्यानी ठेवावे. ज्याच्या पायाखाली आधीच नोकरी आहे त्यालाच तो मार्ग मानवतो.

आता दोन बहिणींपैकी कोणती निवडावी? आमचे मत असे की, याचे उत्तर मुलाने आजवर काय केले आहे त्यात सापडते. फार्मसी, परिचारिकाशास्त्र, आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा भौतिकोपचार शिकलेल्यांनी आरोग्यसेवा व्यवस्थापन घेतले तर पूर्वीचे शिक्षण वाया न जाता त्यावर मजला चढतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था व जयपूरची आरोग्य-व्यवस्थापन संस्था या क्षेत्रात नावाजलेल्या आहेत, एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी रुग्णालय-प्रशासनात एम.डी. होण्याचाही स्वतंत्र मार्ग आहे. उलट, वाणिज्य शिकलेला, दुकानात बसलेला, केळीचा भाव व डाळीचा उतारा जाणणारा मुलगा सर्वसाधारण एम.बी.ए.ने अधिक पुढे जाईल; कारण ती पदवी डाळमिलपासून ठिबक सिंचनापर्यंत आणि प्लॅस्टिकच्या चटयांपासून बँकेपर्यंत सर्वत्र चालते. विशेष पदवी एकच दार उघडते, पण खोलवर नेते. सर्वसाधारण पदवी अनेक दारे उघडते, पण प्रत्येक दारात गर्दी असते.

आपल्या दोन जिल्ह्यांतील रुग्णालयांची स्थितीही उघड्या डोळ्यांनी पाहावी. येथील बहुतेक खाजगी दवाखाने डॉक्टरांच्या घरचे आहेत. तेथे कारभार डॉक्टरांच्या पत्नी, बंधू किंवा विश्वासू कंपाउंडर पाहतात. अशा ठिकाणी व्यवस्थापकास मोठा पगार देण्याची रीत अद्याप पडलेली नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील जिल्हा व तालुका पातळीवरील व्यवस्थापनाच्या जागा पुष्कळशा कंत्राटी असतात. परंतु काळ बदलत आहे. २०१२ साली राज्यात सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. २०२३ साली राज्य शासनाने सर्व कुटुंबांना ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय केला. रोग्याच्या उपचाराचे पैसे आता शासनाकडून व विमा कंपनीकडून येतात, आणि ते येण्यासाठी कागद बिनचूक लागतो. एक दावा फेटाळला गेला तर रुग्णालयाचे हजारो रुपये अडकतात. ज्यास दावे, खरेदी, औषधसाठा, गुणवत्तेचे मानांकन यांचे काम खरोखर येते, त्याची गरज डॉक्टरांस आता पटू लागली आहे. पहिला पगार लहान असेल; पाचव्या वर्षी तो लहान राहीलच असे नाही.

काही घरची मुले अमेरिकेचा विचार करतात. तेथील कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या नोंदीप्रमाणे आरोग्यसेवा व्यवस्थापकांच्या वेतनाचा मध्यक वर्षाला १,१०,६८० डॉलर होता. आकडा खरा आहे. पण तो त्या व्यवसायातील सर्व वयांच्या माणसांचा आहे, नवख्याचा नव्हे. शिवाय परदेशी विद्यार्थ्यास पदवीनंतर प्रत्यक्ष कामासाठी साधारणतः एक वर्ष मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानात गणल्या जाणाऱ्या पदव्यांनाच आणखी दोन वर्षे मिळतात. आपण निवडलेली पदवी त्या यादीत आहे किंवा नाही, हे जाण्याआधी विचारावे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने नव्या एच-१बी अर्जांसाठी एक लाख डॉलर शुल्क जाहीर केल्यापासून तर शेत गहाण ठेवून जाणाऱ्याने दहादा विचार करावा.

आमच्या भगिनींकडे विशेष लक्ष वेधतो. राज्यात एम.बी.ए.चे प्रवेश शासनाच्या सामायिक परीक्षेतून व केंद्रीय प्रवेश-प्रक्रियेतून होतात. २०२४ साली शासनाने निर्णय केला की, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतील मुलींस, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असल्यास, केंद्रीय प्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतला तर शिक्षण-शुल्क पूर्ण माफ व्हावे. मुलांसाठीही त्याच उत्पन्न-मर्यादेत निम्म्या शुल्काची सवलत आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली किंवा खाजगी अभिमत विद्यापीठात गेले, तर ही सवलत हातची जाते. एका परीक्षेची तयारी नीट केली तर लाखांची बचत होते, आणि आपण ती टाळण्यासाठी लाख मोजतो! ‘मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला?’ म्हणणाऱ्यांस आता ती सबबही उरलेली नाही.

अशा समारंभांत अमळनेरचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९४५ साली तेथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. १९६६ साली मालकांचे निधन झाल्यावर त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून आले आणि त्यांनी त्याच कंपनीची विप्रो केली. ‘पाहा, पदवीवाचून काही अडत नाही!’ असा बोध त्यातून काढतात. आम्हांस तो बोध पुरा वाटत नाही. त्यांच्या हाती कारखाना होता. आपल्या मुलांच्या हाती पदवीच आहे. म्हणून ती पारखून घ्यावी.

आता शेवटचे, आणि आमच्या मते मुख्य बोलणे. जाहिरात खोटे बोलते असे म्हणून आपण मोकळे होतो. पण आपण स्वतः काय बोलतो? मंडळाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत ‘वार्षिक उत्पन्न’ हा रकाना आहे. तेथे ३० हजार हातात घेणारा मुलगा ‘पॅकेज ६ लाख’ लिहितो. स्थळ चांगले यावे म्हणून बाप ते चालवून घेतो. ती पुस्तिका दुसऱ्या घरी जाते, तेथला बारावीचा मुलगा ती वाचतो, आणि अमक्या पदवीस सहा लाख मिळतात असे समजून त्याचा बाप शेत काढतो. या फसवणुकीत परका कोणीच नाही. आमच्या भाच्यानेही पहिली दोन वर्षे गावात खरा पगार सांगितला नाही, आणि त्या काळात त्याच संस्थेत आमच्या ओळखीची आणखी दोन मुले गेली. त्याने सांगितले असते, किंवा आम्ही त्यास सांगू दिले असते, तर ती वाचली असती.

म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, एक वही घालावी. आपल्या ज्ञातीतील ज्या ज्या मुलामुलींनी या पदव्या घेतल्या, त्यांनी नाव न देता चार गोष्टी कळवाव्या: एकूण खर्च किती, कर्ज किती, पहिल्या महिन्यात हातात किती आले, आणि तिसऱ्या वर्षी किती. संस्थेचे नाव समितीपाशी राहील आणि विचारणाऱ्या पालकास तोंडी सांगितले जाईल. दरवर्षी या स्मरणिकेत पदवीनुसार मध्यक छापावा. सरकारला जे जमणार नाही ते आपल्याला जमेल; कारण आपण एकमेकांच्या लग्नकार्यांत जेवतो, एकमेकांचे दुःख जाणतो. ज्ञातिसंस्थेचा उपयोग सत्काराच्या नारळापुरताच असू नये.

त्या वहीतील पहिली नोंद आमच्या भाच्याची राहील. त्याची संमती आम्ही घेतली आहे. तो आज धुळ्यास एका रुग्णालयात दाव्यांचे व गुणवत्तेचे काम सांभाळतो. काम उत्तम करतो, आणि पगारही आता समाधानकारक आहे. ते काम तो धुळ्यासच शिकला, पगार घेत शिकला. दीड एकर बाग मात्र परत आली नाही. बहीण त्याबद्दल कधी बोलत नाही. आज ती येथे, महिलांच्या बाजूस, तिसऱ्या रांगेत बसलेली आहे. बारा वर्षांपूर्वी तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज, उशिरा का होईना, सर्वांसमक्ष देत आहोत: ताई, ते बारा लाख एकालाच मिळत होते. तू बरोबर विचारले होतेस.